भिंतीवरची ओल आणि अंगावरचा चट्टा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सभागृहात झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचे हे शब्दांकन. वक्ते आपल्या बी विंगमधील रहिवासी असून पस्तीस वर्षे त्यांचे औषधांचे दुकान होते. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



सचिव साहेबांनी मला सांगितलं, "काका, आरोग्यावर अर्धा तास बोला." मी म्हटलं, अहो, मी डॉक्टर नाही. मी केमिस्ट. डी. फार्म. झालेला माणूस. पस्तीस वर्षं काउंटरच्या मागं उभा राहून चिठ्ठी वाचली, गोळ्या मोजल्या आणि सुट्टे पैसे परत दिले. तर ते म्हणाले, "तुम्ही अनुभवाचं सांगा." म्हणून आज अनुभवाचंच सांगणार आहे. तो चांगला अनुभव नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण तो ऐकून एखाद्या घरात वेळेवर तपासणी झाली, तर माझं हे बोलणं कारणी लागलं.

सुरुवात आपल्या घरापासूनच करतो. आपल्या बी विंगच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर एक ओल आहे. (हशा) हसू नका, सगळ्यांना माहीत आहे. तीन वेळा आपण तिथं पुट्टी मारली, तीन वेळा रंग दिला. प्रत्येक पावसाळ्यात ओल परत. शेवटी चौथ्या वेळी प्लंबरनं भिंत फोडली, तेव्हा कळलं की पाइप तिथं फुटलेलाच नाही. तो वरच्या मजल्यावर, बाथरूमच्या लादीखाली झिरपत होता. भिंत फक्त सांगत होती. आणि आपण सांगणाऱ्याच्याच तोंडाला रंग फासत होतो.

माणसाची कातडी तशीच असते. बहुतेक वेळा दुखणं कातडीचंच असतं, पुट्टीनं भागतं. पण कधी कधी पाइप वर फुटलेला असतो. रक्तात, अस्थिमज्जेत, म्हणजे आपण बोनमॅरो म्हणतो तिथं. आजचा विषय तोच. अंगावरचा चट्टा किंवा खाज ही क्वचित रक्ताच्या कॅन्सरची पहिली खूण कशी असू शकते, आणि ती आपण कशी ओळखायची.

आमचे नाना

माझे मोठे भाऊ अकोल्याला राहत. घरात सगळे त्यांना नाना म्हणत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. २००८ साली कधीतरी ते अमरावतीला आले असताना म्हणाले, "अरे, कमरेला खाज येऊन रायली. काही दे बरं." मी विचारलं, "गोल आहे का? कड लाल आहे का?" म्हणाले, "असंल." मी समजलो, नायटा. आमच्याकडं तेव्हा एका ट्यूबमध्ये तीन औषधं असलेली मलमं धडाधड खपायची. बुरशीवरचं, जंतूंवरचं आणि वर स्टिरॉइड. दिली एक ट्यूब. आठ दिवसांत फोन, "झकास. गेलं."

दोन महिन्यांनी परत आलं. परत ट्यूब. मग मांडीवर आलं. मग पाठीच्या खालच्या बाजूला. मी दर वेळी म्हणायचो, नाना, एकदा स्किनच्या डॉक्टरला दाखवा. ते म्हणायचे, "कायले जाऊ डॉक्टरकडे? तू हायस ना." आणि खरं सांगतो, ते ऐकून मला बरं वाटायचं. मोठा भाऊ आपल्यावर विश्वास टाकतो म्हणून. अकोल्याला जाणारं कोणी असलं, की त्यांच्या हाती मी दोन ट्यूब पाठवून द्यायचो.

आता कारणं किती होती बघा. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, पारा ४५-४६ अंशांवर जातो. म्हणून म्हटलं घामोळ्या असतील. पाणी बोअरचं, आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सगळ्यांना ठाऊक, म्हणून म्हटलं खाऱ्या पाण्यानं कातडी कोरडी पडली. शेतावर जायचे, म्हणून म्हटलं गाजर गवत लागलं, फवारणीचं औषध उडालं. साठी उलटलेली, म्हणून म्हटलं वय झालं. प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. आपल्या वऱ्हाडात खाजेला कारणांची कमतरता कधीच नसते. त्यामुळंच सहा वर्षं गेली.

२०१४ मध्ये वडिलांच्या श्राद्धाला आम्ही सगळे अकोल्याला जमलो. नाना सोवळं नेसून उघड्या अंगानं पाटावर बसले. मी मागं बसलो होतो. आणि मी पहिल्यांदा त्यांची पाठ पाहिली. कमरेपासून खांद्यापर्यंत चट्टे. काही लालसर तपकिरी, काही फिकट, सिगारेटच्या कागदासारखी बारीक सुरकुतलेली कातडी. आणि डाव्या बाजूला सुपारीएवढी एक जांभळट गाठ.

मित्रांनो, सहा वर्षं मी त्या पाठीसाठी ट्यूब दिल्या होत्या. ती पाठ मी एकदाही बघितली नव्हती.

नावानं केलेली फसवणूक

नागपूरला एका त्वचारोगतज्ज्ञांकडं नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काय काय लावलं?" मी मान खाली घालून यादी सांगितली. त्यांनी सगळी मलमं बंद करायला लावली, तीन आठवड्यांनी परत बोलावलं आणि दोन ठिकाणचे छोटे तुकडे काढले. स्टिरॉइड लावत असताना तुकडा काढला तर सूक्ष्मदर्शकाखाली खरा रोग झाकलेला दिसतो, म्हणून तेवढं थांबायचं असतं.

रिपोर्ट आला. त्यावर लिहिलं होतं, "मायकोसिस फंगॉइड्स". मी औषधवाला. मायकोसिस म्हणजे बुरशी, फंगॉइड्स म्हणजेही बुरशीसारखं. मी फोनवर नानांना सांगून टाकलं, "काही नाही नाना, फंगसच निघालं. माझं बरोबर होतं." वहिनींनी त्या दिवशी घरात शिरा केला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं. या रोगाचा बुरशीशी काडीचा संबंध नाही. पॅरिसच्या आलिबेर नावाच्या डॉक्टरांनी १८०६ साली एका रुग्णाच्या अंगावर अळिंबीसारख्या गाठी पाहिल्या आणि तसं नाव दिलं. रोग काय हे तेव्हा कोणाला कळत नव्हतं. दोनशे वर्षं ते चुकीचं नाव चिकटून राहिलं. हा लिंफोमा आहे. म्हणजे आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी टी-लिंफोसाइट नावाच्या पेशींचा कॅन्सर. या पेशींचं कामच कातडीत गस्त घालायचं असतं. त्यातल्या काही बिघडतात, कातडीतच ठाण मांडतात आणि हळूहळू वाढतात. वरून बघणाऱ्याला ते इसब दिसतं, सोरायसिस दिसतं, नायटा दिसतो. चोरानं चौकीदाराचा गणवेश घातला तर कोण ओळखणार?

हा रोग बहुतेक वेळा फार सावकाश चालतो. आधी सपाट चट्टे, मग जाडसर थर, आणि काहींच्या बाबतीत पुढं गाठी. सगळेच पुढच्या पायरीवर जात नाहीत. चट्ट्यांच्या पायरीवर, थोड्याच जागेत असताना सापडला, तर बहुतेक माणसं इतरांसारखंच पूर्ण आयुष्य जगतात. काहींमध्ये बिघडलेल्या पेशी रक्तात उतरतात, सगळं अंग लालबुंद होतं. त्या प्रकाराला सेझरी सिंड्रोम म्हणतात. आपल्याकडं सावळ्या कातडीवर, विशेषतः तरुणांत, हा रोग कधी कधी फिकट पांढरट चट्ट्यांच्या रूपात येतो. मग लोक कोड समजतात, शिबं समजतात, किंवा कुष्ठरोगाची भीती घेतात.

अमरावतीकरांना ही भीती काही नवी नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी, आपल्या दाजीसाहेबांनी, तपोवन उभं केलं, ते याच भीतीमुळं घराबाहेर काढलेल्या माणसांसाठी. त्या कामानं आपल्या भागाला एक गोष्ट शिकवली, की चट्टा लपवायचा नाही, दाखवायचा. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात बधिरपणा असतो. या लिंफोमाच्या चट्ट्यात स्पर्श कळतो. पण हा फरक घरी टाचणी टोचून ठरवायचा नाही, तो डॉक्टरांनी ठरवायचा. योगायोग बघा, १९४१ साली परळला टाटा रुग्णालय सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेची धुरा सांभाळणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी दोनच रोगांवर मुख्य संशोधन केलं, कॅन्सर आणि कुष्ठरोग. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीही याच दोन रोगांवर काम केलं. कातडीचा तुकडा काढून भिंगाखाली बघायचा, ही शिकवण आपल्याच मराठी माणसांनी या देशात रुजवली. आणि मी मात्र न बघताच ट्यूब देत होतो.

मलमानं कॅन्सर झाला का? हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. रात्री झोप लागत नव्हती. ते म्हणाले, नाही. मलमानं हा रोग होत नाही. उलट सुरुवातीच्या पायरीवर, नेमकं निदान झाल्यावर, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जोरकस स्टिरॉइड मलम हाच एक उपचार असतो. घोळ मलमाचा नव्हता. निदान न करता लावण्याचा होता. चट्टा फिकट व्हायचा, आपण निर्धास्त व्हायचो, रोग खालून चालत राहायचा. ही ओलीवरची पुट्टी.

इतर खुणा

नानांच्या आजारात बिघडलेल्या पेशी स्वतः कातडीत येऊन बसल्या होत्या. काही आजारांत वेगळं होतं. बिघाड बोनमॅरोत असतो, आणि त्याच्या गडबडीनं कातडी सुजते. अशा दोन-तीन खुणा सांगतो. नावं लक्षात ठेवायची गरज नाही, चित्र लक्षात ठेवा.

पहिलं चित्र. अचानक ताप, आणि चेहरा, मान, हात यांवर लालजांभळे, फुगीर, हात लावला तरी दुखणारे चट्टे. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या डॉ. स्वीट यांनी १९६४ साली अशा आठ बायकांची नोंद केली, म्हणून त्याला स्वीट सिंड्रोम म्हणतात. नाव गोड, दुखणं तिखट. पुष्कळदा हा घशाच्या संसर्गानंतर, एखाद्या औषधानं किंवा काहीच कारण नसताना होतो. पण साधारण पाच रुग्णांत एकाच्या मागं कॅन्सर सापडतो, आणि त्यात बहुतांश रक्ताचे. यातली मेख अशी, की स्टिरॉइडच्या गोळ्यांनी हे चट्टे दोन-चार दिवसांत विरतात. ताप उतरतो, माणूस खूश, आणि रक्त तपासायचं राहूनच जातं. म्हणून बरं वाटलं तरी सीबीसी करायचीच, आणि पुढचे काही महिने डॉक्टर सांगतील तशी पुन्हा करायची.

दुसरं चित्र. पायावर साधी पुळी येते, बघता बघता तिची मोठी जखम होते, कड जांभळी आणि आतून पोखरलेली, दुखणं भयंकर. ही जखम गळू समजून कापली तर आणखी चिघळते. हिच्या मागं बहुधा आतड्याचा किंवा सांध्यांचा आजार असतो, पण काही जणांत रक्ताचा असतो. आपल्याकडं मधुमेहाच्या जखमा आणि सिकलसेलच्या रुग्णांच्या पायाच्या जखमा भरपूर. म्हणून तिघांची गल्लत होऊ शकते. लवकर न भरणाऱ्या जखमेला "शुगरची असंल" म्हणून सोडू नका.

तिसरं चित्र नवं आहे. पन्नाशी उलटलेला पुरुष, पुन्हा पुन्हा येणारा ताप, अंगावर पुरळ, कानाचा कडक भाग लाल होऊन सुजणं, आणि रक्त कमी होत जाणं. वर्षानुवर्षं अशा लोकांना संधिवात, अॅलर्जी, व्हायरल असं काही ना काही सांगितलं जायचं. २०२० साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की हा एकच आजार आहे, बोनमॅरोतल्या पेशींच्या एका जनुकात वयानुसार झालेल्या बदलामुळं होणारा. त्याला व्हेक्सास म्हणतात. यातल्या बऱ्याच रुग्णांच्या बोनमॅरोत रक्ताच्या कॅन्सरकडं झुकणारा बिघाड सापडतो.

आणि चौथी खूण, जिच्यात चट्टाच नसतो. नुसती खाज. कातडी स्वच्छ, पण माणूस रात्रभर खाजवतो. सोबत रात्री अंग भिजवणारा घाम, वजन घटणं, मानेत किंवा काखेत न दुखणारी गाठ असेल, तर हॉजकिन लिंफोमाची शंका घ्यावी लागते. आंघोळ झाली की अर्धा तास अंगाला मुंग्या डसल्यासारखी खाज सुटणं ही रक्त घट्ट होण्याच्या एका आजाराची, पॉलिसायथेमियाची, खूण असू शकते. यात हिमोग्लोबिन कमी नाही, तर जास्त असतं. खारपाणपट्ट्यात आपण पाण्याला शिव्या देत बसतो. पाण्याचा दोष असेलही. पण रक्ताची साधी तपासणी एकदा व्हायला काय हरकत आहे?

लाल टिपके मात्र घाईचं काम. टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके, बहुधा पायांवर. काचेचा पारदर्शक ग्लास त्यांवर दाबा. साधी पुरळ दाबल्यावर फिकी होते. हे ठिपके तसेच दिसत राहतात, कारण ते कातडीत झिरपलेलं रक्त असतं. आपल्याकडं पावसाळ्यात डेंग्यूनं प्लेटलेट घसरतात, तेव्हा हे दिसतं. पण डेंग्यूचा मोसम नसताना, सोबत हिरड्यांतून रक्त, फिकटपणा, वारंवार ताप असेल, तर त्याच दिवशी सीबीसी. उद्या नाही, त्याच दिवशी.

आता घाबरू नका

एवढं ऐकून तुमच्यातले निम्मे जण आता घरी जाऊन आरशासमोर उभे राहणार, मला माहीत आहे. म्हणून दुसरी गोष्ट सांगतो. आपल्याच सोसायटीतल्या एक काकू, त्यांच्या परवानगीनं, नाव न घेता. त्यांनी माझी नानांची हकीकत ऐकली होती. मागच्या वर्षी त्यांच्या पापण्या, मान, कोपराच्या खोबणी लाल होऊन खाजू लागल्या. त्यांनी मोबाईलवर वाचलं, आणि मला म्हणाल्या, "भाऊ, मला तेच झालं." तीन दिवस जेवल्या नाहीत. मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडं घेऊन गेलो. डॉक्टरांनी नीट पाहिलं, पाठीवर पट्टी लावून अॅलर्जीची चाचणी केली. निघालं काय? गाजर गवत. आपल्या मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये छातीएवढं वाढलेलं, आणि काकू रोज सकाळी त्याच कडेनं फिरायला जात. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं हे तण आज महाराष्ट्रभर झालं आहे. मग आपण दोन रविवार हातमोजे घालून, फुलोरा येण्याआधी ते उपटलं. काकू आज समोर बसल्या आहेत, ठणठणीत. (टाळ्या)

तर हिशेब नीट समजून घ्या. खाज आणि चट्टे यांचं कारण बहुतेक सगळ्या वेळी साधंच असतं. घरातल्या चौघांना एकदम खाज सुटली असेल तर ती खरूज. कॅन्सर काही घरभर पसरत नाही. उन्हानं, घामानं, धातूच्या बक्कलनं, कोरडेपणानं, मूत्रपिंड किंवा लिव्हरच्या त्रासानंही खाज येते. ज्यांना वर्षानुवर्षं सोरायसिस आहे त्यांनी उगाच धसका घेऊ नये. फक्त नेहमीचा चट्टा वेगळा वागू लागला, उपचारांना जुमानेनासा झाला, तर पुन्हा दाखवावं, एवढंच.

मग दाखवायचं कधी? मी माझ्यापुरते पाच नियम केले आहेत.

एक, तीन महिने उपचार करूनही न हटणारा किंवा पुन्हा पुन्हा त्याच जागी येणारा चट्टा. खास करून कपड्यांखालच्या, ऊन न लागणाऱ्या जागेवरचा; कंबर, कुल्ले, मांड्या, पोटाचा खालचा भाग.

दोन, चट्ट्यासोबत ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, गाठी, थकवा.

तीन, पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच आलेला, अंगभर पसरलेला इसब.

चार, दाबून फिके न होणारे ठिपके.

पाच, चट्ट्यावर गाठ किंवा जखम होणं.

यातलं काही असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारा, "डॉक्टर, तुकडा तपासायचा का?" हा प्रश्न विचारायला लाजू नका. आणि पहिला तुकडा काहीच नाही म्हणाला तरी डॉक्टर सांगत असतील तर दुसरा, तिसरा द्या. या रोगात पहिल्याच फटक्यात निदान होईलच असं नाही. सुरुवातीला तो इसबासारखाच दिसतो, भिंगाखालीसुद्धा. जाताना घरातली सगळी मलमं, गोळ्या, काढे, एका पिशवीत घालून न्या. "काही लावलं नाही" असं खोटं सांगू नका. चट्ट्याचा फोटो काढा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, तारीख लिहून. दर महिन्याला एक. आणि लॅबमधून रिपोर्टसोबत स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. पुढं नागपूर-मुंबईला गेलात तर तोच ब्लॉक परत तपासतात, नव्यानं तुकडा काढावा लागत नाही.

बावचीबद्दलही एक शब्द. आपल्या आज्या कोडावर बावचीचं तेल लावत. बावचीत जो सोरालेन नावाचा घटक असतो, त्याचं औषध करून आणि मोजून अतिनील किरण देऊन खरंच काही त्वचारोगांवर उपचार होतात, या लिंफोमावरसुद्धा. पण ते मोजमापानं. घरी तेल लावून वऱ्हाडातल्या उन्हात बसलात तर भाजून निघाल.

नानांचं पुढं

नानांच्या गाठी झाल्या होत्या, म्हणून आम्ही मुंबईला टाटाला गेलो. राहायला दादरला, गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली. आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचा माणूस, हातात खराटा घेऊन फिरला, आणि त्यांच्या नावाच्या मिशननं मुंबईत कॅन्सरच्या रुग्णांसाठी छप्पर उभं केलं. तिथं पहिल्या रात्री नाना म्हणाले, "बघ, आपल्या गावचा बाबा आपल्या आधी इथं येऊन बसला." त्या रात्री ते बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

किरणं झाली, सलाइनमधून औषधं झाली. त्यांना पाच वर्षं मिळाली. नातीचं लग्न त्यांनी उभं राहून लावलं. २०१९ च्या दिवाळीनंतर ते गेले. सुरुवातीलाच कळलं असतं तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते एवढंच म्हणाले, "चट्टे असतानाच आले असते, तर बहुधा आठवड्यातून दोन-तीनदा लाइटच्या पेटीत उभं राहून आणि मलम लावून काम झालं असतं." म्हणजे सोरायसिस आणि कोडासाठी वापरतात तीच पेटी. ते वाक्य मी विसरलेलो नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बाजूला बोलावलं. कपाटातून एक पिशवी काढली. त्यात रिकाम्या ट्यूब होत्या, नानांनी जपून ठेवलेल्या, पुढच्या वेळी नाव सांगता यावं म्हणून. मोजल्या नाहीत मी. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही दिलं ते मायेनंच दिलं. पण आता दुसऱ्या कोणाला असं देऊ नका."

दुकान मी त्यानंतर दोन वर्षं चालवलं. चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडची एकही ट्यूब दिली नाही. गिऱ्हाइकं तुटली, काही भांडली. सरकारनंही २०१८ मध्ये अशी कितीतरी मलमं चिठ्ठीच्या औषधांच्या यादीत टाकली आहेत. तरी आजही कोपऱ्यावर मागितली की मिळतात, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. देणारा चुकतोच. पण मागणाऱ्यानं "कालचीच द्या" म्हणणं थांबवलं, तर निम्मं काम होईल.

पैशांबद्दल दोन गोष्टी. जीवनदायी योजना २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपली अमरावती होती. तीच आता महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. तिच्यात कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. निदान झाल्याबरोबर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, आधी पैसे भरून नंतर धावपळ करू नका. आणि रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर व थ्री-टायर एसीत पूर्ण सूट असते, सोबत्याला ७५ टक्के. रुग्णालयाचा फॉर्म भरून घ्यावा लागतो. बडनेऱ्याहून मुंबईच्या फेऱ्या मारणाऱ्या घराला ही रक्कम लहान नसते.

रक्ताचा कॅन्सर म्हटलं की आपल्याला जुने सिनेमे आठवतात, नायक खोकतो आणि संपतो. ते दिवस गेले. १९८३ मध्ये टाटात डॉ. सुरेश अडवाणींनी देशातलं पहिलं यशस्वी बोनमॅरो प्रत्यारोपण केलं. एका प्रकारचा रक्ताचा कॅन्सर २००१ पासून रोजच्या गोळीवर आटोक्यात राहतो, माणसं नोकऱ्या करतात. २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून तयार केलेल्या, रुग्णाच्याच पेशी बदलून परत देण्याच्या उपचाराला आपल्या देशात मान्यता मिळाली. तो नानांच्या प्रकारासाठी नाही, पण इतर काही लिंफोमा आणि ल्युकेमियासाठी आहे. उपचार पुढं गेले आहेत. आपण मात्र दाखवायला उशीर करतो.

शेवटी एक विनंती. आपल्या पिढीत नवरा-बायको एकमेकांची पाठ बघत नाहीत. सून सासऱ्याला विचारत नाही. म्हातारी माणसं आंघोळीनंतर पंचा गुंडाळून गुपचूप खाजवत बसतात आणि म्हणतात, "काही नाही रे." महिन्यातून एकदा, अमावास्येला म्हणा, पगाराच्या दिवशी म्हणा, घरातल्या वडीलधाऱ्यांची पाठ उजेडात बघा. तेल लावायच्या निमित्तानं बघा. पाच मिनिटं लागतात. मला सहा वर्षं सवड झाली नाही.

बी विंगची ओल आता सुकली आहे. तिथं नवा रंग द्यायचा राहिला आहे, तो समितीनं लवकर द्यावा, एवढं सांगून माझं बोलणं संपवतो.